बर्फाची दुपार

पिंपळगाव राजाच्या बाजारात कोणी उकंडरावाचा मळा विचारला, की समोरचा आधी खात्री करून घ्यायचा, "कोन्ता उकंडराव? मांडेवाल्या बाईचा का?" उकंडराव जवळपास असला तर मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचा, "हाव, तिचाच." माणूस तसा नाकावर माशी बसू देणारा नव्हता. वांग्याच्या भावावरून व्यापाऱ्याशी हमरीतुमरीवर यायचा, भाऊबंदांशी बांधावरून अबोला धरायचा. पण बायकोच्या नावानं ओळखलं जाण्यात त्याला काय गोडी वाटायची, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बायकोचं नाव सत्यभामा. आसपासच्या चार गावांत लग्न निघालं की तिला बोलावणं यायचं. भिजवून भिजवून सैल केलेल्या कणकेचा गोळा, पोटात पुरण. तो गोळा ती आधी पंजावर थापायची, मग दोन्ही हातांच्या पाठीवर घेऊन असा फिरवायची की बघता बघता तो मनगटांच्या बाहेर लोंबायला लागायचा. त्यातून पलीकडचा विस्तव दिसायचा. आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर ती तो अलगद सोडायची. पुरण जड, कणीक पातळ, आणि दोघांना सांभाळायला दहा बोटांची पाठ तेवढी. एक बोट खाली-वर झालं की मांडा फाटलाच म्हणून समजा.

त्यांच्या माळी आळीत एक रीत होती. फाटलेला मांडा पाहुण्याच्या ताटात जात नसे. तो करणारीच्या नवऱ्यानं मुकाट खायचा. बाकीच्या नवऱ्यांना अशा मांड्यांवरच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, साजरी करावी लागायची, आणि उकंडराव मात्र दर सणाला तीच तक्रार करायचा, "लग्न झाल्यापासून मले येक फाटका मांडा भेटला नाई. असा कसा संसार?" सत्यभामा खापरावरची नजर न हलवता म्हणायची, "भेटंन. घाई काऊन करता?"

त्यांना एकच मुलगी, रुख्मिणी. मुंबईचं राज्य जाऊन महाराष्ट्र झाला त्याला चार-पाच वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. वरवट बकालला दिली. पोरगी चलाख होती, पण मांडे तिला येत नव्हते. माय म्हणायची शिकवीन, पोरगी म्हणायची शिकीन, आणि दोघींनाही वाटायचं दिवस काय पळून चालले. मांडे तोंडानं शिकवता येत नाहीत. शिकणारीनं आपले हात शिकवणारीच्या हातांवर ठेवायचे आणि गोळा दोघींच्या हातांवरून फिरवायचा; खालचे हात कुठे वळतात ते वरच्या हातांना कळत जातं. सत्यभामा आपल्या आईजवळ अशीच शिकली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला रुख्मिणी माहेरी येईल तेव्हा तिला बसवून शिकवायचं, असं ठरलं होतं.

त्याच वर्षी उकंडरावानं मोट सोडली आणि विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन बसवलं. सगळा गाव बघून गेला. इंजिन चांगलं होतं, खोड एकच, त्याचा पट्टा सारखा घसरायचा. पट्टा घसरायला लागला की चालत्या पट्ट्यावर राळेचा खडा धरायचा, म्हणजे तो पुन्हा चाकाला चिकटून पळतो. सगळेच असं करायचे. उकंडरावही करायचा आणि सत्यभामा बघायची.

पुढची होळी होऊन थोडे दिवस झाले होते. उकंडराव कांद्याच्या वाफ्यात पाणी वळवत होता आणि सत्यभामा विहिरीजवळ वांगी निवडत होती. पट्टा फटफटायला लागला. तिनं हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाणार? तिनं राळेचा खडा उचलला आणि नवरा धरायचा तसा धरला. पट्ट्यानं खडा ओढला आणि खड्याबरोबर तिचा उजवा हात चाकाखाली नेला. उकंडराव धावत आला तेव्हा ती खाली बसलेली होती, डाव्या हातानं उजवा हात पदरात धरून. ती रडत नव्हती. "आधी इंजिन बंद करा," एवढंच म्हणाली.

मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, करंगळीकडचं, दोन्ही चिरडली होती. त्यातलं शेजारचं तर कातडीला लोंबत होतं. खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, कापून टाकणं सोपं आहे, पण मी जोडून बघतो. उकंडरावानं त्यांचे पाय धरले. आत तुटलेल्या शिरा, दोरे, सगळं जुळवून त्यांनी हात शिवला. बरेच दिवस तिला तिथंच ठेवून घेतलं. टाके काढल्यावर घरी सोडताना डॉक्टरांनी उकंडरावाला समोर बसवून समजावलं.

"सूज हा आता तुमचा शत्रू. सूज राहिली तर बोटं लाकडासारखी होतील. म्हणून थंड द्यायचं. शेक नाही, हळद नाही, तेल चोळायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळायचा, दहा मिनिटं हातावर धरायचा, मग काढायचा. हात पुसायचा, बोटांचा रंग बघायचा. थोड्या वेळानं पुन्हा. बर्फ कातडीला लावायचा नाही. तिला त्या बोटांत काही कळत नाही, म्हणून तुम्हाला कळायला हवं."

"हाव जी," उकंडराव म्हणाला. "पन खेड्यात बर्फ..."

"नाही मिळाला तर माठाच्या पाण्याची घडी ठेवा. तीही चालेल."

शेवटचं हे वाक्य उकंडरावानं ऐकलं आणि तिथंच सोडून दिलं. ज्या हातांनी चार गावं जेवली त्या हातांना माठाच्या पाण्यावर ठेवायचं, हे त्याच्या मनाला पटणारं नव्हतं. डॉक्टरनं बर्फ सांगितला म्हणजे बर्फच.

खामगावहून पिंपळगावला येणाऱ्या एसटीवर भगवंतराव नावाचा कंडक्टर होता. त्याच्या बहिणीच्या लग्नात सत्यभामेनं मांडे केले होते. उकंडरावानं गोष्ट काढायचा अवकाश, तो म्हणाला, "बाईच्या हातासाठी ना? आनतो." मग तो खामगावच्या बर्फाच्या कारखान्यातून लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी आणून द्यायला लागला. उकंडराव स्टँडवर उभा असायचा. लादी डोक्यावर घेऊन तो उन्हातून मळ्याकडे जवळजवळ पळतच यायचा, आणि पाठीवरून गार पाणी ओघळत असायचं. लोक गमतीनं म्हणायचे, कलेक्टरच्या घरी नाही तो थाट उकंडरावाच्या मळ्यात. कडुनिंबाखाली त्यानं खड्डा खणला होता, त्यात तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, भरलं होतं. लादी त्यात पुरून ठेवायचा आणि लागेल तसा तुकडा काढायचा. पोरंसोरं खडा मागायला यायची. एरवी वांग्यांची पाटी वाटून टाकणारा माणूस, पण बर्फाचा एक खडा त्यानं कोणाला दिला नाही.

आता दहा मिनिटं मोजायची कशी? मळ्यात घड्याळ नव्हतं आणि असतं तरी ते वाचणार कोण? उकंडरावानं आपल्यापुरती युक्ती काढली. त्याची बिडी सावकाश ओढायची सवय. बर्फ फडक्यात गुंडाळून हातावर ठेवला की तो बिडी पेटवायचा. बिडी संपली, बर्फ उचलला. सत्यभामेला धुरानं ठसका लागायचा म्हणून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जरा लांब उकिडवा बसायचा आणि तिथून तिच्या हाताकडे बघत राहायचा. थोटूक विझवून उठायचा, हात पुसायचा, बोटं उजेडाकडे धरून रंग बघायचा. डॉक्टरला सांगता आलं असतं तर तोही हसला असता, पण काम चोख चाललं होतं.

सोजराबाई, उकंडरावाची चुलती, तिला मात्र हे बघवत नव्हतं. ती म्हातारी रोज वीट तापवून घेऊन यायची. "अरे, ओल्या बाळंतिनीले आन जखमेले गारवा देतेत का कोनी? शेक द्या, मोकळं होईन."

"काकू, डाक्टरपेक्षा तुले जास्त कळते का?" उकंडराव तिच्यावर खेकसायचा. एकदा तर त्यानं वीट उचलून पाटात फेकली. म्हातारी बोटं मोडत गेली आणि पुन्हा आली नाही. सत्यभामेला वाईट वाटलं. "तिले मायेनं वाटते," ती म्हणाली. पण उकंडरावाला तेव्हा आपण कसे डॉक्टरच्या शब्दाला जागतो याचाच ताठा होता.

आणि हात खरंच सुधारत होता. सूज ओसरली. मनगटाच्या रेघा दिसायला लागल्या. एका सकाळी ती म्हणाली, "इकडे पाहा." आणि मधलं बोट जरासं हललं. शेजारचंही, म्हणजे अगदी थोडं, वाऱ्यानं पान हलावं तेवढंच.  उकंडराव उठून विहिरीकडे गेला, उगाच पाण्यात डोकावून आला आणि म्हणाला, "आखाजीले नाई जमनार. पन पुढच्या आखाजीले तू पोरीले शिकवशील." त्या दिवशी सत्यभामेनं डाव्या हातानं त्याला भाकर वाढली आणि स्वतःही पोटभर जेवली.

एकच गोष्ट बरी होत नव्हती. तिला झोप लागत नव्हती. आतून ठणका उठायचा आणि ती कण्हत पडून राहायची. ती जागी म्हणून तोही जागा. दिवसा मळ्याचं काम, बर्फाची धावपळ, आणि पाठ टेकली की पुन्हा ते कण्हणं. दोघंही असे झाले होते की बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटावी.

चैत्र संपत आला तेव्हा भगवंतराव लादी हातात देताना म्हणाला, "भाऊ, ही शेवटची. लग्नसराई सुरू झाली. कारखान्यातला सगळा बर्फ मांडवांत चालला. आता मले नाई भेटनार." आणि शेवटची म्हणून त्यानं नेहमीपेक्षा मोठी आणली होती.

उकंडराव ती घेऊन मळ्यात आला. ऊन असं तापलं होतं की कुटारातसुद्धा लादी संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हती. खड्ड्यापाशी तो विचार करत बसला. इतका हात सुधारला तो बर्फानंच. उद्यापासून बर्फ नाही. मग जो आहे तो मातीत जिरू द्यायचा? घरातलं काहीही वाया जाऊ न देणारा माणूस तो. भाजीचा पाला बैलाला, बैलाचं शेण वाफ्याला, आणि एवढ्या कष्टानं आणलेला बर्फ कुटाराला पाजायचा? त्याला ते पटेना. त्यानं लादी फोडली, पितळेच्या घंगाळात सगळी ओतली, वर थोडं पाणी घातलं. जखमा मिटल्या होत्या, पाण्याची भीती नव्हती. फडक्यातून गारवा कितीसा जातो, असंही त्याला वाटून गेलं. एकदाच भरपूर मिळू दे. एका बिडीपुरतं.

कडुनिंबाच्या सावलीत बाजेवर सत्यभामा पडली होती. त्यानं बाजेला लागून टोपली पालथी घातली, तिच्यावर घंगाळ ठेवलं आणि तिचा हात आत सोडला. ती एकदम "आई गं" म्हणाली आणि मग तिचा चेहरा सैल पडला.

"काय झालं?"

"काई नाई. ठनका गेला. पहिल्यांदाच गेला."

त्यानं कानावरची बिडी काढली, काडेपेटी चाचपली. तेवढ्यात त्यानं बघितलं तर तिचे डोळे मिटले होते. श्वास लांब झाला होता. ती झोपली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या, लग्नात आणली होती तशी दिसत होती. उकंडरावाला आनंदानं भरून आलं. बिडी पेटवली तर धूर जाईल, ठसका लागेल, झोप मोडेल. उठून लांब जावं तर वाळलेला पाला वाजेल. त्यानं बिडी परत कानावर ठेवली, पंखा भिजवला आणि बाजेशेजारी रोवलेल्या मेढीला टेकून तिला वारा घालत बसला. त्याच्या मनात त्या वेळी दुसरं काही नव्हतं. झोपू दे, एवढंच. विहिरीवर चिमण्या पाणी पीत होत्या. पुढं बरीच वर्षं कोणी त्याला विचारलं असतं, की उकंडराव, तुम्हाला सुख कधी लागलं, तर त्याला हीच दुपार आठवली असती आणि जीभ चावावी लागली असती. मधे त्याचे डोळे मिटले असतील, पण घडीभरच, असं त्याला वाटलं.

त्यानं बघितलं तेव्हा सावली बाजेवरून सरकून पार मळ्याच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेली होती. घंगाळात बर्फाचा चुरा उरला होता. त्यानं घाईनं हात बाहेर काढला. मधलं बोट पांढरं होतं, आणि त्याच्या शेजारचं तर मेणाचं करून लावावं तसं. त्यानं दाबलं, फुंकर घातली, आपल्या छातीशी धरलं. सत्यभामा जागी झाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला बोटात काहीच होत नव्हतं.

दोन दिवसांत बोट निळं झालं, मग टोकापासून काळं पडत गेलं. खामगावला डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि बोट उजेडाकडे धरून बघितलं. उकंडरावानं काही लपवलं नाही. घंगाळ, दुपार, सगळं सांगितलं, फक्त बिडीची गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडली नाही. डॉक्टर रागावतील असं त्याला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "जोडलेलं बोट होतं हो. रक्त आधीच जेमतेम पोचत होतं त्यात." शेजारचं बोट मुळाशी कापावं लागलं. मधलं राहिलं, पण ताठ.

गावाला सत्यभामेनंच सांगितलं, पट्ट्यानं बोट गेलं. विचारायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच. सोजराबाई आली तेव्हा उकंडराव मान खाली घालून बसला होता. म्हातारी आता विटेवरून चार शब्द ऐकवणार, असं त्याला वाटलं. पण सत्यभामा आधीच म्हणाली, "काकू, पट्ट्यानं पार चुरा केलता. डाक्टर तरी काय करन?" म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडली. उकंडरावानं ते खोटं ऐकलं आणि ते खोटं तो रोज जेवणाबरोबर गिळत राहिला. बायकोनं आपल्याला पाठीशी घातलं हे त्याला कळत होतं. खरं सांगायला उठावं असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी पाय उचलत नसे.

त्या आखाजीला रुख्मिणी आली ती आईच्या पट्टीकडे बघून गळ्यात पडून रडली. घरात मांडे झाले नाहीत. पितरांच्या घागरीपुढे सोजराबाईनं केलेल्या पोळ्या ठेवल्या.

उकंडरावानं बिडी सोडली. कोणी म्हणालं शेगावला महाराजांच्या समाधीपुढे नवस बोलून आला असेल, बायकोच्या हातासाठी. रुख्मिणीलाही तेच वाटलं. बापाचा तिला केवढा अभिमान वाटला. तो नुसता ऐकून घ्यायचा. बिडीचा वास आला तरी उठून जायचा.

वर्ष गेलं. सत्यभामा डाव्या हातानं खुरपायला शिकली, उजव्यानं पाटी धरायला शिकली. लग्नाची बोलावणी थांबली. पुढच्या आखाजीला रुख्मिणी पुन्हा आली. सणाच्या सकाळी उकंडराव विहिरीवरून आला तर चुलीवर खापर तापत होतं. कणीक भिजवून ठेवली होती. परातीशी सत्यभामा बसलेली.

"हे काय?" तो म्हणाला.

"पोरीले शिकवायचं ना."

रुख्मिणी आईपुढे बसली आणि तिनं आपले हात आईच्या हातांवर ठेवले. सत्यभामेनं गोळा थापला, उचलला, फिरवायला घेतला. डावा हात पहिल्यासारखा चालत होता. उजव्या हाताची तीन बोटं धडपडत होती, चौथं ताठ उभं, आणि त्याच्या शेजारी जी जागा होती तिथून कणीक खाली लोंबायला लागली. पुरण तिकडे धावलं आणि मांडा तिथंच फाटला. दुसरा घेतला. तोही त्याच जागी फाटला. रुख्मिणीचे हात आईच्या हातांवर होते. तिला ती रिकामी जागा प्रत्येक वेळी खाली लागत होती. तिसरा फाटला तेव्हा तिनं हात काढून घेतले आणि पदरात तोंड लपवलं.

"इकून टाका ते इंजिन, बा," ती हुंदके देत म्हणाली. "भंगारात इका. माह्या मायचं बोट खाल्लं त्यानं. मले त्याचा आवाज आयकवत नाई."

उकंडराव दाराच्या चौकटीला धरून उभा होता. इंजिनाला शिव्या बसत होत्या आणि तो गुमान उभा होता, एवढं त्याला आता सोसवेना. तो आत येऊन खाली बसला.

"इंजिनानं नाई खाल्लं," तो म्हणाला. "इंजिनानं तोडलं, डाक्टरनं जोडलं. म्या घालवलं." आणि मग त्यानं पोरीला सगळं सांगितलं. शेवटची लादी, घंगाळ, फडकं न लावता सोडलेला हात. शेवटी बिडीवर वेळ मोजायचंही सांगितलं. "बिडी पेटवली असती तं बोट वाचलं असतं. तुह्या मायची झोप मोडंन म्हनून नाई पेटवली. म्या नवस-बिवस काई बोललो नाई, रुख्मे. मले ती तोंडात धरवतच नाई."

 चुलीतलं लाकूड सरकलं, ते सत्यभामेनं आत लोटलं.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आता माह्यं आयका. मले त्या दुपारी जाग आलती."

उकंडरावानं मान वर केली.

"मधातच आलती. पाह्यलं तं तुमी मेढीले टेकून झोपले होते. पंखा मांडीवर पडला होता. कानावर बिडी तशीच. तोंड उघडं." ती खापराकडे बघून बोलत होती. "किती दिसांनी झोपले होते तुमी. माह्यापायी डोळा नोता लागला. हात काढला असता तं पानी वाजलं असतं, घंगाळ वाजलं असतं. म्हनलं, झोपू द्या गरिबाले घडीभर. दुखत तं काईच नोतं. दुखतच नोतं म्हनून समजलं नाई. मंग पुन्हा माह्याबी डोळा लागला."

"मी झोपलो होतो?" उकंडराव म्हणाला.

"घोरत होते."

 घडीभर डोळे मिटले असतील, असं तो वर्षभर स्वतःला सांगत आला होता.

"तवाच काऊन नाई सांगतलं?" त्यानं विचारलं.

"काय सांगू? तुमी झोपले होते म्हनून? येक दुख घेऊन फिरत होते, त्याचे दोन झाले असते." तिनं डाव्या हातानं डोळे पुसले, आणि पुसताना गालाला कणीक लागली. "डाक्टरनं मलेबी सांगतलं होतं. हात माह्या होता. तुमी येकट्यानं कायले उचलता?"

उकंडराव रडला. लपवायला विहिरीकडे गेला नाही, पोरीसमोरच रडला. रुख्मिणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

खापर फार तापलं होतं. सत्यभामेनं त्यावर पाण्याचा हबका मारला, नवा गोळा घेतला आणि पोरीला म्हणाली, "ये. ठेव हात." रुख्मिणीनं हात ठेवले. या वेळी तिनं आपलं एक बोट खाली सोडून आईच्या त्या रिकाम्या जागेत धरलं. मांडा मनगटापर्यंत आला, थोडा आणखी पसरला, आणि खापराजवळ नेताना फाटला. पण पहिल्यांपेक्षा उशिरा फाटला. सत्यभामेनं तो तसाच भाजला, घडी घातली, ताटात ठेवला आणि वर तुपाची धार सोडली. मग तिनं ताट नवऱ्याकडे सरकवलं.

"घ्या," ती म्हणाली. "लग्नापासून मांगत होते ना."

उकंडरावानं ताट पुढं ओढलं. एक मांडा संपेपर्यंत दुसरा आला, तोही फाटका. मग तिसरा. तो खात राहिला, एकदाही नको म्हणाला नाही.